ठरलेला अध्याय आणि देवाची वेळ: रोजच्या बायबलवाचनाची पार्श्वभूमी

"देवाची वेळ अजून आलेली नाही, थांबू या." ख्रिस्ती घरांत नोकरी, लग्न, आजारपण, मूलबाळ अशा कुठल्याही प्रसंगी हे वाक्य ऐकू येतं. कधी ते मनापासून येतं, कधी फक्त धीर देण्यासाठी. पण ज्यांनी ते जगून दाखवलं त्यांच्या आयुष्यात डोकावलं की एक सवय हमखास सापडते. ती म्हणजे रोज सकाळी शास्त्राचा ठरलेला भाग वाचणं, मन लागो वा न लागो. ही सवय आली कुठून, आणि देवाच्या चांगुलपणावरच्या भरवशाशी तिची गाठ कशी पडली, हे समजून घेण्याजोगं आहे.

मूळ अर्थात शास्त्रातच आहे. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानात देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, रोजचा रोज गोळा करायचा होता. उद्यासाठी साठवून ठेवला त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळे. पण देवाची वेळ आणि वाचन यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो यिर्मया आणि दानीएल यांच्या पुस्तकांत. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे यिर्मया २९:११ आपल्याकडे कॅलेंडरवर आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतं. त्याच्या आधीचं वचन मात्र फ्रेममध्ये नसतं. तिथे बाबेलातल्या बंदिवासाची सत्तर वर्षांची मुदत आहे. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र पाठवलं: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि तरीही देव चांगला होता. पुढे म्हातारा दानीएल ग्रंथ वाचताना हीच सत्तर वर्षं मोजतो (दानीएल ९:२) आणि उपास करून, गोणपाट नेसून प्रार्थनेला बसतो. वेळ वाचनातून कळली आणि कळल्यावर तो हातावर हात ठेवून बसला नाही. तोडून घेतलेलं एक वचन आणि सलग वाचलेला अध्याय यांत किती अंतर आहे, हे मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं.

घरोघरी वाचन व्हायचं तर पुस्तक स्वस्त हवं. जर्मनीतल्या हाले शहरात १७१० साली कान्स्टाइनच्या संस्थेने गरिबाला परवडेल असं बायबल छापायला सुरुवात केली. त्याच हालेत आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांचं अनाथालय आणि शाळा होती. तिथे शिकलेले काउंट झिन्झेनडॉर्फ पुढे हेर्नहूट गावात मोरावियन, म्हणजे मोराविया प्रांतातून आलेल्या, ख्रिस्ती निर्वासितांचे आधार झाले. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी त्यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. तेव्हापासून रोज सकाळी कुणीतरी घरोघर फिरून त्या दिवसाचं वचन पोचवू लागलं. १७३१ पासून वर्षभराची वचनं पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली आणि ते पुस्तक आजही निघतं. ही वचनं चिठ्ठी टाकून निवडतात. ज्याला दिवसाला निदान एक वचन तरी ऐकायचं आहे, त्याच्यासाठी ही रीत मोठा आधार आहे. पण तेवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. चिठ्ठीतून यिर्मयाचं अकरावं वचन येऊ शकतं, दहावं आलंच असं नाही.

सलग वाचनाला नीट वेळापत्रक दिलं ते स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी, १८४२ च्या अखेरीस. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. सोबत त्यांनी स्वतःच धोकेही लिहून ठेवले: वाचन नुसता उपचार होईल, वाचल्याचा गर्व चढेल, जू जड वाटेल. पुढच्या मार्चमध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, ते तापाने गेले. त्यांनी आखलेलं ते वर्ष त्यांच्या मंडळीने त्यांच्याशिवाय पुरं केलं.

आता जॉर्ज म्युलर. हेही हालेचेच विद्यार्थी, पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला स्थायिक झाले. ५ डिसेंबर १८३५ रोजी वाचनात एक्याऐंशीवं स्तोत्र आलं: तोंड चांगलं उघड, मी ते भरीन. त्यातून त्यांनी अनाथालयासाठी देवाजवळ पैसे, माणसं आणि घर मागितलं. पुढच्या एप्रिलमध्ये पहिलं घर उघडलं. कुणाही माणसापुढे हात पसरायचा नाही हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली होती.

त्यांच्या सकाळीत मोठा बदल झाला १८४१ मध्ये. तोवर ते उठल्या उठल्या प्रार्थनेला बसत आणि बराच वेळ मन भरकटत राही. मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी शास्त्र उघडायचं, वचनामागून वचन सावकाश वाचायचं, त्यातून जे सुचेल तीच प्रार्थना. दिवसातलं आपलं पहिलं काम म्हणजे आपला जीव प्रभूमध्ये आनंदी करणं, असं ते म्हणत.

या सवयीची कसोटी फेब्रुवारी १८७० मध्ये लागली. पत्नी मेरी यांना संधिवाताचा ताप आला. घरात भिंतीवर रोजची वचनं टांगलेली असत. त्या दिवसांत एकतिसाव्या स्तोत्रातलं वचन समोर आलं: माझे काळ तुझ्या हाती आहेत. म्युलर मनात म्हणाले, होय पित्या, तिचेही काळ तुझ्याच हाती आहेत. मरण असो वा जीवन, जे उत्तम तेच तू करशील. मेरी उठल्या नाहीत. ६ फेब्रुवारीला त्या गेल्या. अंत्यविधीच्या उपदेशासाठी म्युलरांनी एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातलं अडुसष्टावं वचन घेतलं: तू चांगला आहेस, चांगलं करतोस. त्यांचे मुद्दे तीन होते. तिला मला देण्यात प्रभू चांगला होता, इतकी वर्षं ठेवण्यात चांगला होता, आणि तिला नेण्यातही चांगला होता. एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर उभं राहून हे बोलणं सोपं नव्हतं. असं वचन ऐन दुःखात शोधून सापडत नाही, ते आधीच्या हजारो साध्या सकाळींत अंगी मुरावं लागतं. वीस वर्षांनी, १८९० मध्ये, ते उपदेशाच्या दौऱ्यावर जबलपूरला असताना एकुलती एक मुलगी लिडिया गेल्याची तार त्यांना आली.

महाराष्ट्राशी धागा जुळतो तो पंडिता रमाबाईंमुळे. ब्रिस्टलच्या त्या अनाथालयाची हकीकत रमाबाईंनी वाचली आणि त्यांना प्रश्न पडला: इतर देशांत प्रभूवर असा भरवसा टाकता येतो, तर हिंदुस्थानात का नाही? १८९० च्या दशकाच्या मध्यात त्या लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिराला गेल्या. सोबतच्या ख्रिस्ती झालेल्या मुली पंधरा. पहाटे रानात प्रार्थना करताना त्यांना पंधराचा वर्ग, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मागाव्यात असं वाटलं, पण धीर होईना. तेव्हा यिर्मया ३२:२७ त्यांच्यापुढे आलं: मी सर्व मानवजातीचा देव, मला काही अवघड आहे काय? त्यांनी मागितलं. थोड्याच काळात १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतातून उपाशी मुली व बाया त्यांच्याकडे शेकड्यांनी आल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकात अन्नाविना गमावलेल्या बाईच्या दारात त्या आल्या होत्या.

तो बत्तिसावा अध्याय अख्खा वाचून पाहावा. यरुशलेमला शत्रूचा वेढा, यिर्मया पहाऱ्यात अडकलेला, आणि देव त्याला अनाथोथचं शेत विकत घ्यायला सांगतो. तो सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत होतं आणि ते खत मातीच्या मडक्यात ठेवलं जातं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. रमाबाईंनी केडगावची जमीन घेतली होती फळबागेसाठी, संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून. दुष्काळात तिथेच या मुली-बायांसाठी मुक्ती सदन उभं राहिलं.

पुढे रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास करून खेड्यातल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर हाती घेतलं. मराठीत पूर्ण बायबल आधीपासून होतं, पण मुक्तीतल्या नव्याने अक्षरं शिकलेल्या बाईला ते रोज सकाळी वाचून समजावं ही त्यांची कळकळ होती. छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवणं, छपाई ही कामं केडगावच्याच मुली करत. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत दहा दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या, तेव्हा त्यांच्या हातचं काम पुरं झालं होतं. छापलेलं बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये.