जायकवाडी धरण

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात पैठणजवळ गोदावरी नदीवर बांधलेले मातीचे धरण. लांबी सुमारे 10 किमी., उंची सुमारे 41 मी. जलाशयास संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. एकूण साठवणक्षमता 2,909 दशलक्ष घनमीटर (घमी.) असून त्यांपैकी सु. 2,171 दशलक्ष घमी. साठा उपयुक्त, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारा आहे. सांडव्यावर (जादा पाणी सोडण्याच्या भागावर) 27 दरवाजे आहेत.

प्रकल्पाची मूळ कल्पना हैदराबाद संस्थानाच्या काळातील मानली जाते. नेमके वर्ष निश्चित धरण्याजोगा पुरावा अपुरा आहे. त्या आराखड्यातील धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ होणार होते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर जागा नदीच्या वरच्या अंगाला सु. 100 किमी. सरकून पैठणला आली. प्रकल्पाचे नाव मात्र टिकले. या बदलाचे श्रेय काही जण तत्कालीन राजकीय नेतृत्वाला देतात, तर अभियांत्रिकी लेखनात कालव्याच्या पातळीवर भर असतो. दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. कालव्याचे मुख जितके उंचावर, तितके जास्त क्षेत्र प्रवाहाने भिजते, आणि पैठणच्या जागेने नेमके हेच साधले. डावा कालवा 208 किमी., तर उजवा 132 किमी. लांब आहे. उजव्या कालव्याचे पाणी सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणातही सोडले जाते.

या लाभाची किंमतही जागेतच आहे. खोरे सपाट असल्याने धरण लांबच लांब आणि जलाशय उथळ झाला. बुडीत क्षेत्र सु. 350 चौ. किमी. धरल्यास पूर्ण साठ्याची सरासरी खोली जेमतेम 8 मी. भरते. त्यामुळे उन्हाळ्यात बाष्पीभवन प्रचंड होते.

पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते, तर लोकार्पण 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. पूर्ततेचे वर्ष सामान्यतः 1976 देतात. कालव्यांची कामे पुढेही चालू होती.

दख्खनच्या पठारावरील अशा धरणांत चिकण काळ्या मातीचा गाभा पाझर अडवतो, मुरमाचे कवच भरावाला स्थैर्य देते आणि पाण्याकडील उतारावरचे दगडी अस्तर लाटांपासून संरक्षण करते. पाझर पूर्णपणे थांबत नाही, थांबावा अशी अपेक्षाही नसते. तो स्वच्छ असणे महत्त्वाचे. पाझराचे पाणी गढूळ झाले, तर आतील माती वाहून जात असल्याची शंका घ्यावी लागते. भरावावर वाढलेली झाडेझुडपे व उंदीर-घुशींची बिळे यांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या धरणाची पावसाळ्याच्या आधीची व नंतरची पाहणी म्हणूनच केवळ कागदोपत्री उरता कामा नये. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटून पुण्यात झालेला विध्वंस महाराष्ट्राने पाहिलेला आहे.

पैठणच्या वर गोदावरी खोऱ्यात दारणा, भंडारदरा, गंगापूर, मुळा इ. धरणे आहेत. गोदावरी पाणी तंटा लवादाच्या 1980 च्या निवाड्यानुसार पैठणपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्रास वापरता येते. पुढचा प्रश्न राज्यातल्या वाटपाचा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने, 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र ठरले.

सिंचनाखेरीज छत्रपती संभाजीनगर व जालना शहरांना पिण्याचे पाणी, औद्योगिक वसाहतींचा पुरवठा व मत्स्यव्यवसाय हे उपयोग आहेत. पायथ्याशी 12 मेगावॉटचे उदंचन (खालचे पाणी पंपाने पुन्हा वर चढवून वापरणारे) जलविद्युत केंद्र आहे. जलाशय परिसर 1986 मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात येथे रोहित (फ्लेमिंगो) व अनेक जातींची स्थलांतरित बदके येतात.