ताप उतरल्यानंतरचे प्रश्न : उंदीर, माकडे, हॅमस्टर आणि पुणे

२०२४च्या पावसाळ्यात आमच्या घरी आईला चिकुनगुन्या झाला. ताप चौथ्या दिवशी उतरला, पण बोटे धरली ती धरलीच. दिवाळी आली तरी तिला कणीक मळवत नव्हती आणि जिना उतरताना कठडा सुटत नव्हता. विषाणू शरीरातून गेलाय, असे डॉक्टर सांगत. ते खरे असेल, पण आईचे दुखणेही खरेच होते. ही दोन्ही सत्ये एकत्र कशी नांदतात, हे कळण्यासाठी संशोधकांना प्राण्यांकडे वळावे लागले. तिथेही हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

सुरुवातीला विचारायचे होते ते वेगळेच. जिवाणू काचेच्या बशीत वाढतात, विषाणूला मात्र जिवंत पेशी लागते. पेशी बाटलीत वाढवण्याचे तंत्र रुळण्याआधी प्राणी हेच विषाणू वाढवण्याचे भांडे होते. पाश्चरने रेबीजसाठी ससे वापरले. १९०८मध्ये लँडस्टायनर आणि पॉपर यांनी पोलिओ माकडांत उतरवून दाखवला. १९३३मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसाचा इन्फ्लुएंझा फेरेटला दिला. हा मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी माणसासारखाच शिंकू लागला. हार्वर्डमध्ये मॅक्स थायलर यांनी पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) विषाणू उंदरांच्या मेंदूत वाढवला आणि १९३०मध्येच ते न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत गेले. महागड्या माकडांऐवजी स्वस्त उंदीर चालू लागल्याने कामाचा वेग पार बदलला. थायलर यांना १९५१चे नोबेल मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९५२मध्ये, याच फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभे केले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान, म्हणजे आपले एनआयव्ही. उंदरांची ती पद्धत इथेही आली. रुग्णाच्या रक्ताचा थेंब एक-दोन दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचा आणि रोज पिंजरा तपासायचा. पिल्लू दूध पिईनासे झाले, लुळे पडले, की त्याचा मेंदू घोटून पुढच्या पिल्लांना टोचायचा. पिल्लू मेले तर नमुन्यात काहीतरी आहे, जगले तर बहुधा नाही. दोनेक आठवड्यांत निकाल लागे आणि पिंजरा रिकामा होई.

ही पद्धत किती मोलाची होती, ते १९५७मध्ये कळले. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या आसपास वानरे आणि माकडे मरून पडू लागली आणि गावकरी तापाने फणफणले. माकडे मरताहेत म्हटल्यावर पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती होती. पुण्याच्या पथकाने माणसांचे आणि माकडांचे नमुने पिल्लांत टोचले, तेव्हा गोचिडीतून पसरणारा एक नवाच विषाणू हाती लागला. सिंधुदुर्गातले लोक आज ज्याला माकडताप म्हणतात, तो हाच. या गोष्टीतली जंगलातली माकडे मला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्राण्याइतकीच महत्त्वाची वाटतात. त्यांना कुणी काही टोचले नव्हते, पण माणसांना इशारा त्यांनीच दिला. १९६५मध्ये नागपूरच्या रुग्णांच्या नमुन्यांतून चांदीपुरा विषाणूही पुण्याच्याच संशोधकांनी वेगळा केला.

पण अशा प्रयोगातून विषाणू कोणता ते कळते, मागे काय उरते ते कळत नाही. मेलेला उंदीर त्याबद्दल काय सांगणार? जगलेल्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, आणि मोसमागून मोसम नवी साथ येत असताना त्यासाठी कुणाला दोषही देता येत नाही. अपवाद होते. थायलर यांनाच उंदरांचा एक विषाणू सापडला होता. त्याच्या काही प्रकारांत सुरुवातीचा आजार ओसरतो, विषाणू मज्जासंस्थेत दबा धरून राहतो आणि पुढे मज्जातंतूंवरचे आवरण झिजत जाते. माणसातही हे आवरण झिजण्याचा मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होतो; तो समजून घ्यायला हे उंदीर आजही वापरतात.

चिकुनगुन्याने हा प्रश्न आपल्या दारात आणला. १९६३मध्ये कोलकात्यात, १९७३मध्ये बार्शीत साथ येऊन गेली आणि मग तीसेक वर्षे सामसूम. २००५-०६मध्ये तो परतला आणि लाखो लोक सांधे धरून बसले. त्यानंतर संशोधकांनी उंदराच्या तळपायात विषाणू टोचून सुजेचा अभ्यास सुरू केला. विषाणू टोचलेल्या पायाची सूज दोनेक आठवड्यांत ओसरते, त्यामुळे माणसाच्या वर्षभराच्या दुखण्याला हा आरसा अपुराच. २०१०मध्ये लांब शेपटीच्या मॅकाक माकडांवरचा अभ्यास जास्त बोलका निघाला. रक्तातून विषाणू नाहीसा झाल्यावरही काही महिने त्याचा माग लागत होता, आणि तोही मॅक्रोफेज पेशींत. या पेशींचे कामच जंतू गिळून टाकण्याचे. विषाणू ‘गेला’ म्हणजे रक्तातून गेला, एवढाच त्याचा अर्थ. आईचा रिपोर्ट वाचताना मला हे आठवत राहते.

करोनात पुणे पुन्हा केंद्रस्थानी आले. साधे उंदीर सुरुवातीला उपयोगाचे नव्हते, कारण विषाणू ज्या एसीई-२ या कडीला धरून पेशीत शिरतो, ती उंदरात वेगळी असते. मानवी कडी बसवलेले उंदीर २००७मध्ये सार्ससाठी तयार झाले होते, ते आता कामी आले. एनआयव्हीने कोव्हॅक्सिनची चाचणी सीरियन हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यावर आणि २० ऱ्हीसस माकडांवर केली. लस दिलेल्या माकडांच्या नाका-घशातून आणि फुफ्फुसांतून सातव्या दिवसापर्यंत विषाणू नाहीसा झालेला दिसला. लसीच्या प्रश्नाला सात दिवस पुरले.

लाँग कोविडला, म्हणजे करोना उलटून गेल्यावरही रेंगाळणाऱ्या त्रासाला, ते पुरणारे नव्हते. २०२२मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी करोना झालेले आणि इन्फ्लुएंझा झालेले हॅमस्टर महिनाभर जपले. जिवंत विषाणू कधीच संपला होता, पण एकतिसाव्या दिवशीही करोनावाल्यांच्या मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या भागात दाह होता. इन्फ्लुएंझावाल्यांत तो नव्हता. त्याच वर्षी उंदरांवरच्या दुसऱ्या अभ्यासात, संसर्ग फक्त श्वसनमार्गात आणि सौम्य असूनही मेंदूतल्या संरक्षक पेशी खवळलेल्या आढळल्या. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून ज्यांची बोळवण झाली, त्यांच्यासाठी हे पुरावे फार मोलाचे आहेत.

याची किंमत प्राणी मोजतात. पूर्वी यातना दोन आठवड्यांत संपत. आता जितका काळ अभ्यास, तितका काळ त्या प्राण्याचे आजारपण. आपल्याकडे १९६०चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८चे नियम आहेत. संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही. वेदनाशामक कधी द्यायचे, कुठे थांबायचे, हे आधी लिहून द्यावे लागते. पण सांधेदुखीच्या अभ्यासात वेदनाशामक दिले की सूजच बदलू शकते. या पेचातून स्वच्छ वाट निघत नाही.

शिवाय उंदीर ‘दुखतंय’ म्हणत नाही. मग तो बारीक दांडी किती जोराने धरतो, चाकात किती पळतो, हे मोजायचे. आणि प्रयोगातला उंदीर बहुधा दोन-तीन महिन्यांचा, ऐन तारुण्यातला असतो. म्हातारे उंदीर हवे असतील तर ते दीड-दोन वर्षे पोसावे लागतात; खर्च वाढतो, मधेच काही मरतात, म्हणून असे अभ्यास कमी होतात. माझी आई ६८ वर्षांची आहे. तिच्या बोटांचे काय होते, हे विचारायचे तर त्या म्हाताऱ्या उंदरांकडेच जावे लागेल.