जुनी कार घरी रिस्टोअर करताय? पाना हातात घ्यायच्या आधी आरटीओचं हे बघून घ्या

घरातली जुनी फिएट शेडमध्ये पडून आहे किंवा कुणाकडून मारुती ८०० स्वस्तात मिळालीय, आणि आता सुट्टीच्या दिवशी घरीच पत्रा, रंग, इंजिन सगळं करायचंय, असं बरेच जण ठरवतात. काम शिकता येतं हो, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावर) जे लिहिलंय आणि गाडी शेवटी जशी तयार होते ते जुळलं नाही तर ती रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून आधी हे ठरवा की गाडी मूळ रूपात परत आणायचीय की आपल्या मनासारखी बदलायचीय, कारण दोन्हीची कागदं वेगळी आणि एकदा बॉडी कापली की मूळ रूपाचा विषय संपला.

सगळ्यात आधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकून आरसी चालू आहे का बघा. रद्द झालेली असेल तर ती गाडी फक्त स्पेअर पार्टसाठी घ्या, एजंट "करून देतो" म्हणाला तरी नाही म्हणा. गाडी विकत घेतली असेल तर नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८. मालक वारले असतील तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, सोबत मृत्यू दाखला आणि वारसाचे पुरावे. हे बहुतेक घरांत राहून गेलेलंच असतं, तेव्हा पत्र्याला हात लावायच्या आधी हेच उरकून घ्या.

आता १५ वर्षांचं. खाजगी कारची आरसी १५ वर्षं चालते, मग री-पासिंग म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, ते ५ वर्षांसाठी मिळतं. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत भरता येतो. आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, चासी नंबरची पेन्सिल छाप, टॅक्स भरल्याची पावती हे सोबत लागतं, आणि महाराष्ट्रात ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाड्यांवरचा कर, वेगळा. फी १५ ते २० वर्षांच्या कारला ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वर. गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजे ब्रेक, लाइट, हॉर्न, टायर सगळं चालू पाहिजे, अर्धवट उघडलेली गाडी नेऊन उपयोग नाही. आणि गंज काढताना चासी नंबरवर ग्राइंडर फिरवू नका, तो नंबर नीट वाचता आला नाही तर पासिंग तिथेच अडकतं.

कस्टमाइझ करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समजून घ्या. कंपनीने जी माहिती मूळ दिलीय त्यापेक्षा आरसीतली माहिती वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. म्हणजे छप्पर कापून ओपन करणं, चासी लांबवणं, दोन दारांची चार दारं, हे सगळं बाद. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, आतली सजावट यांना कोणी विचारत नाही. रंग बदलायचा असेल तर तो आरसीत लिहिलेला असतो, म्हणून आधी अर्ज, मग स्प्रे गन. इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यायची, इंजिनाचं बिल जपून ठेवा कारण ते कुठून आलं हे विचारतातच. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक करायची असेल तर किट मंजूर झालेलं हवं, इलेक्ट्रिक किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे आणि पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था असल्या चाचण्या करते. गाडीवर लोन असेल तर बँकेची लेखी परवानगी लागते. नियमाबाहेरच्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा.

मूळ रूपात आणणाऱ्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज म्हणजे खूप जुन्या, जपून ठेवलेल्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, दुचाकी आणि चारचाकी दोन्हींना. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली पाहिजेत, त्यामुळे साठच्या दशकातली फिएट ११०० बसते पण मारुती ८०० आलीच १९८३ च्या डिसेंबरात, तिचा २०३३ च्या आधी प्रश्नच येत नाही. दुसरी अट जास्त कडक, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. जपानी इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग बसवलेली अँबॅसेडर कितीही चकचकीत असली तरी इथे पास होणं अवघड.

अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म २० ने, सोबत इन्शुरन्स, फी, आधीची आरसी, आणि परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद. राज्याची समिती गाडी बघते, मग ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये आरसी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, आणि मुदत १० वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो (हे छान केलंय, जुन्या नंबराचीच तर मजा), नवीन घेतला तर राज्याच्या कोडनंतर व्हीए येतं.

पण व्हिंटेज घेतली की ती रोज ऑफिसला नेता येत नाही, धंद्यालाही नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ज्यांना दर रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचंय त्यांनी साधीच आरसी ठेवून ५ वर्षांनी री-पासिंग करत राहिलेलं माझ्या मते बरं.