चार इंचांची पायरी आणि शंभर मीटर ऊन

४११ एकर म्हटलं की माणूस आधी गाडीची किल्ली शोधतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा कॅम्पस एवढा आहे, त्यामुळे नवीन ॲडमिशनवाली पोरं पहिल्या आठवड्यात "आत रिक्षा जाते का?" हेच विचारत फिरतात. पण जरा हिशोब करून बघा. ४११ एकर म्हणजे साधारण १.६६ चौरस किलोमीटर. हा तुकडा अगदी चौकोनी आहे असं धरलं तर एक बाजू १.३ किलोमीटरही भरत नाही, आणि ताशी साडेचार किलोमीटरने रमतगमत चाललं तर या टोकाहून त्या टोकाला सतरा-अठरा मिनिटं. रस्ते वळणावळणाचे आहेत म्हणून पंचवीस धरा. एवढा वेळ तर आपण लक्ष्मी रोडला पार्किंग शोधण्यात घालवतो आणि वर चिडचिड करतो ती वेगळीच.

मग कुठल्याही मोठ्या कॅम्पसवर लोक चालत का नाहीत? मला तरी वाटतं की अंतरामुळे नाही. सगळी वाट छान असते आणि मध्येच कुठेतरी मिठाचा खडा पडतो. शंभर मीटरचा उघडाबोडका पट्टा, नाहीतर चार इंचांची एक पायरी. बस, तेवढ्यावरून माणूस ठरवतो की उद्यापासून गाडीच आणायची, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो ठरवतो की उद्यापासून यायचंच नाही.

आधी उन्हाचं बघू, कारण त्यात एक गंमत आहे. बातम्यांमध्ये "पुण्यात आज ४० अंश" म्हणतात ना, तो आकडा सावलीतला असतो. आपल्याकडे शिवाजीनगरला हवामान खात्याचं जे ऑफिस आहे, जुने लोक ज्याला अजून शिमला ऑफिस म्हणतात, तिथेही थर्मामीटर उन्हात ठेवत नाहीत, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात. म्हणजे झाडाखालची हवा आणि झाडाबाहेरची हवा मोजली तर फरक दोन-तीन अंशांचाच निघेल, कधी तेवढाही नाही. तरी वडाखाली शिरल्या शिरल्या "हुश्श" का होतं?

कारण आपल्याला नुसती हवा तापवत नाही, किरणं तापवतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता तयार करतो, चालायला लागला की त्याच्या अडीच-तीन पट. ही उष्णता घाम वाळवून बाहेर टाकायची असते. आता भर दुपारचं ऊन म्हणजे आडव्या चौरस मीटरवर १००० वॉटच्या आसपास, त्यातलं काही थेट आपल्या अंगावर येतं आणि काही डांबरावर. काळंकुळकुळीत नवं डांबर अंगावर पडलेल्या उन्हातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतं, स्वतः साठ अंशांपर्यंत तापतं आणि मग खालून तव्यासारखं आपल्याला भाजत बसतं. वरून ऊन, खालून तवा. झाड काय करतं, तर दोन्ही एकदम तोडतं, वरचं ऊनही अडवतं आणि खालचा तवा तापूही देत नाही.

झाडाचा आणखी एक उद्योग चालू असतो, पानांतून पाणी वाफ करून सोडायचा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता लागते. मोठं झाड दिवसाला १०० लिटर पाणी सोडतंय असं धरा, तर झाले सदुसष्ट युनिट, म्हणजे दीड टनाचा एसी सलग बारा-तेरा तास चालवल्यावर खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढेल तेवढी. अर्थात एसी बंद खोलीत असतो आणि झाड उघड्यावर, तो गारवा वाऱ्याबरोबर पसरून जातो, म्हणून "एक झाड म्हणजे दहा एसी" असले जे फॉरवर्ड फिरतात ते फार मनावर घेऊ नका. चालणाऱ्याच्या कामाची खरी गोष्ट म्हणजे सावली.

आणि सावली कधी पाहिजे? मार्च ते मे. इथेच वृक्षारोपणवाले चुकतात. बहावा ऐन उन्हाळ्यात फुलतो, पिवळे झुंबर लटकतात, रील काढायला एक नंबर, पण पानं बहुतेक झडलेली असतात. गुलमोहराचंही तेच, शिवाय लाकूड ठिसूळ, वळवाच्या पावसात फांदी कुणाच्या टपावर येईल सांगता येत नाही. करंज मात्र मार्च-एप्रिलमध्येच नवी तकतकीत पानं काढतो, कडुनिंबाचंही तसंच, आंबा-जांभूळ कायम हिरवे. चालायच्या रस्त्याच्या कडेला करंज-कडुनिंब लावा, बहावा लॉनमध्ये लावा, भांडण कशाला. फक्त लावल्यावर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकू नका. मुळांनाही हवा लागते. दिल्लीत तर २०१३ साली हरित लवादाला आदेश काढावा लागला की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी ठेवा.

पुणे विद्यापीठाला ही सावली आयती मिळालीये. मुख्य इमारत १८६४ ला बांधायला घेतली आणि १८७१ ला पूर्ण झाली, मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला म्हणून. (२२ जून १८९७ च्या रात्री रँड इथलीच मेजवानी आटोपून परत निघाला होता, पुढचं सगळ्यांना माहितीये.) विद्यापीठ आलं १९४९ ला. म्हणजे वड-पिंपळ मोठे व्हायला विद्यापीठाच्या आधीच पाऊणशे वर्षं मिळाली. नव्या कॅम्पसला ती मिळत नाहीत, तिथे वास्तुरचनाच कामाला लावावी लागते. आयआयटी कानपूरला अच्युत कानविंदे यांनी साठच्या दशकात हेच केलं. कानविंदे मूळचे कोकणातले, त्यामुळे ऊन आणि पाऊस दोन्हीची जाण असणार! गाड्या कडेकडेने आणि मधल्या भागात विभागांना जोडणारे छपराचे, उंचावरचे चालायचे मार्ग. पवईच्या आयआयटीतला लांबच लांब कॉरिडॉर पण तसाच, जुलैतल्या मुसळधार पावसात त्याची किंमत कळते.

आता पायरी.

माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका कॅम्पसवर (नाव नको) एका व्याख्यानाला गेलो होतो. फोनवर विचारलं होतं, "रॅम्प आहे ना?" "हो मॅडम, आहे." होताही. पण पार्किंगच्या रस्त्यावरून त्या रॅम्पकडे जाणाऱ्या फुटपाथवर चढायला एक पायरी होती. टेपने मोजलं नाही पण चार इंच असेल. वॉचमनकाका म्हणाले, "एवढीशी तर आहे, मागून जोर लावा की." मी लावला. खुर्ची जागची हलली नाही, मैत्रीणच पुढे झुकली, पडता पडता वाचली. मग म्हणाली, "अगं थांब, ते फिजिक्समध्येच बसत नाही."

आणि खरंच बसत नाही. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, पाच ते आठ इंच व्यासाची. चाक पायरीच्या कडेला टेकून, त्या कडेवर गोल फिरून वर चढतं. पायरी जसजशी चाकाच्या त्रिज्येच्या जवळ जाते तसतसा लागणारा जोर भराभरा वाढत जातो, आणि पायरी त्रिज्येएवढी झाली की संपलंच, कितीही ढकला, सगळा जोर सरळ भिंतीत जातो. आठ इंची चाकाची त्रिज्या किती? चार इंच. (सराव असलेले लोक मागच्या चाकांवर तोल सावरून पुढची चाकं उचलतात, पण ते सगळ्यांना जमत नाही.) सायकलचं २६ इंची चाक मात्र त्याच पायरीवर धपकन चढून जातं, बाइकचंही. म्हणजे जे लोक असले फुटपाथ बांधतात आणि पास करतात ते दुचाकीवर येतात, त्यांना ही पायरी दिसतच नाही.

रॅम्पचं गणित त्याहून सोपं. नियम आहे १:१२, एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरलं तर या चढावर साडेसात किलो वजन ओढल्यासारखं लागतं. जागा नाही म्हणून कंत्राटदाराने १:६ केला की झालं पंधरा किलो, तेही नुसत्या हातांनी, आणि खुर्ची मागे उलटायची भीती वेगळी. हा १:१२ कुठून आला त्याचा धागा पण एका विद्यापीठातच जातो. १९४८ मध्ये टिमोथी न्यूजेंट यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी काम सुरू केलं, त्यात महायुद्धातून परतलेले सैनिक बरेच होते. इमारतींना रॅम्प, फुटपाथच्या कोपऱ्यांना उतार, लिफ्टवाल्या बस, सगळं करून करून बघितलं, आणि १९६१ मध्ये अमेरिकेचं सुगम इमारतींचं पहिलं मानक निघालं ते या कामाच्या जोरावर. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. जागा राखीव आहे, पण वर्गापर्यंत पोचायचं कसं?

फुटपाथवर अंधांसाठी बसवतात त्या पिवळ्या टाइल्सची पण तीच तऱ्हा. उभ्या रेघांची टाइल म्हणजे "सरळ चल", ठिपक्यांची म्हणजे "थांब, पुढे काहीतरी आहे". सेइची मियाके यांनी ही कल्पना काढली आणि १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळ पहिल्यांदा बसवली. ती वाक्यासारखी वाचायची असते. आपल्याकडे ती डिझाइन म्हणून बसवतात, रेघा थेट विजेच्या खांबात जाऊन आपटतात. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याने काय समजायचं?

राहता राहिल्या गाड्या. कॅम्पसच्या आत ताशी ३० ची पाटी असली की लोक हसतात, पण एक आकडा बघा. अचानक कुणी समोर आलं तर ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ५० ने जाणारी गाडी त्या एका सेकंदात १४ मीटर पुढे गेलेली असते. ३० वाली गाडी सेकंद अधिक ब्रेक मिळून १३ मीटरमध्ये पूर्ण थांबलेली असते. म्हणजे जिथे एक थांबली तिथे दुसरीचा ब्रेकसुद्धा लागलेला नाही. पाटीने वेग कमी होत नाही हे मान्य. म्हणून क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला उचलून घ्यायचं, गाडीला तो स्पीडब्रेकर, खुर्चीला सपाट रस्ता, आणि चार इंचांची पायरी मुळातच गायब. एका कामात तीन कामं, मला तर हा प्रकार फार आवडतो.

त्या कॅम्पसवर मैत्रिणीने परत येऊन एक मेल टाकला, फोटोसकट, किती लांबीचा उतार लागेल त्याचा हिशोबही दिला. चार इंचांना अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे चार फूट. आठ महिन्यांनी खरंच उतार झाला, नीट चार फुटांचा, खरबरीत फिनिशचा. गेल्या महिन्यात आम्ही परत गेलो तर त्या उतारावर दोन ॲक्टिव्हा लावलेल्या, आणि तेच वॉचमनकाका शिट्टी वाजवत गाडीवाल्यांना शोधत फिरत होते.