हरलेल्याच्या हातातला हातोडा

६ जानेवारी २०२१. दुपारी दोन वाजून गेले होते. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसद इमारतीत ट्रम्प समर्थकांचा जमाव घुसला तेव्हा सिनेटच्या काही कर्मचाऱ्यांनी बाहेर पडता पडता महोगनीच्या, चामडी पट्टे लावलेल्या पेट्या उचलल्या. राज्याराज्यांतून आलेली इलेक्टोरल मतांची, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी निवडलेल्या इलेक्टर मंडळींच्या मतांची, प्रमाणपत्रे त्यांत होती. जीव वाचवायच्या घाईत कागद वाचवायचे भान कुणाला तरी राहिले. रात्री आठनंतर कामकाज पुन्हा सुरू झाले, पेट्या परत आल्या आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी जो बायडन ३०६, डोनाल्ड ट्रम्प २३२ असा निकाल जाहीर केला. मतदान होऊन दोन महिने उलटले होते.

ही दोन महिन्यांची भानगड आपल्याला चटकन कळत नाही. आपल्याकडे देशभराचा एक निवडणूक आयोग आहे. मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत कल कळतो, संध्याकाळी गुलाल उधळला जातो आणि आठ-पंधरा दिवसांत शपथविधीही उरकतो. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर निकाल जाहीर करणारी अशी यंत्रणाच नाही. मोजणी करतात काउंटीतले, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारख्या पातळीवरचे कर्मचारी. रात्री टीव्हीवर जो ‘निकाल’ दिसतो तो वृत्तसंस्थांचा अंदाज असतो. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८पासून करते. नोव्हेंबरात मतदान, मग राज्यांची प्रमाणपत्रे, डिसेंबरात इलेक्टर मंडळींचे मतदान, ६ जानेवारीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या, संयुक्त बैठकीत त्या मतांची मोजदाद आणि २० जानेवारीला शपथ. सुमारे अकरा आठवडे. पूर्वी शपथविधी ४ मार्चला असे, म्हणजे चार महिने सगळे अधांतरी. विसाव्या घटनादुरुस्तीने १९३३ साली ते अंतर कमी केले.

अमेरिकी निवडणुकीतल्या हिंसेचा इतिहास चाळला की मुक्काम बहुतेक वेळा याच मधल्या दिवसांत पडतो. मतदानाच्या दिवशी भीती असते, पण खरी भीती मोजणीची. आणि त्यातली गंमत अशी की संयुक्त बैठक चालवण्याचा हातोडा राज्यघटनेने दिला आहे उपाध्यक्षाच्या हाती, जो अनेकदा स्वतःच उमेदवार असतो.

पहिला पेच १८००च्या निवडणुकीतच पडला. तेव्हा इलेक्टर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी वेगवेगळी मते देत नसत. त्यामुळे थॉमस जेफरसन आणि त्यांचेच सहकारी एरन बर या दोघांना प्रत्येकी ७३ मते पडली. फैसला प्रतिनिधिगृहाकडे गेला. १६ राज्यांना प्रत्येकी एक मत, जिंकायला नऊ हवीत, आणि जेफरसन आठवर अडकलेले. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, सदस्य डुलक्या काढत बसले. बाहेर अफवा पसरली की जेफरसन यांचा विरोधी फेडरलिस्ट पक्ष कुणा तिसऱ्यालाच गादीवर बसवणार. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी मिलिशिया, म्हणजे राज्याची नागरी फौज, तयार ठेवण्याची भाषा सुरू केली. अखेर १७ फेब्रुवारी १८०१ रोजी छत्तिसाव्या फेरीत डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी माघार घेतली आणि गाठ सुटली. मावळते अध्यक्ष जॉन अॅडम्स शपथविधीच्या दिवशी पहाटे चारलाच गाव सोडून गेले. सत्ता मात्र गोळी न झाडता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. १८०४ साली बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांची मते वेगळी केली.

१८६० साली मात्र हा धागा तुटला. अब्राहम लिंकन ४० टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आले. दक्षिणेतल्या, गुलामगिरी पाळणाऱ्या दहा राज्यांत त्यांच्या नावाला मते पडण्याची सोयच नव्हती. दक्षिण कॅरोलायनाने २० डिसेंबरला संघराज्य सोडले आणि शपथविधी होईपर्यंत अशी सात राज्ये बाहेर पडली होती. १३ फेब्रुवारी १८६१ला मतमोजणीच्या दिवशी जनरल विनफिल्ड स्कॉट यांनी कॅपिटॉलभोवती कडक पहारा बसवला. हातोडा होता उपाध्यक्ष जॉन ब्रेकिनरिज यांच्याकडे. ते लिंकन यांच्या विरुद्धच लढून हरलेले, मनाने दक्षिणेचे; पुढे हेच गृहस्थ बंडखोर सैन्यात जनरल झाले. पण त्या दिवशी त्यांनी मते जशीच्या तशी वाचली आणि लिंकन निवडून आल्याचे जाहीर केले. दहाच दिवसांनी लिंकन यांना जिवाच्या भीतीपोटी बाल्टिमोरमधून रात्रीच्या गाडीने, गुपचूप, राजधानीत आणावे लागले. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, यादवी युद्ध पेटले आणि पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

युद्धानंतरच्या काळाबद्दल अमेरिकी लोक सहसा कमी बोलतात, आणि माझ्या मते या विषयाचे मूळ तिथेच आहे. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळाला, आणि दक्षिणेत मतदारालाच संपवायचे राजकारण सुरू झाले. १८६८च्या सप्टेंबरात, निवडणूक तोंडावर असताना, लुइझियानातल्या ओपेलुसास गावी आणि आसपास कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. मृतांच्या आकड्यावर अजून वाद आहे, पण एक आकडा स्पष्ट आहे: नोव्हेंबरात त्या सेंट लँड्री परगण्यात लिंकन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार युलिसिस ग्रँट यांना एकही मत पडले नाही. शून्य.

याच पायावर १८७६ची निवडणूक झाली. जुलैमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावी कृष्णवर्णीय मिलिशियाच्या माणसांना पकडून ठार मारण्यात आले. डेमोक्रॅटांच्या बाजूच्या ‘रेड शर्ट्स’ नावाच्या, लाल सदरे घालून बंदुका मिरवणाऱ्या टोळ्या प्रचारसभांभोवती घोडे फिरवू लागल्या. मतदानानंतर डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन १८४वर होते, विजयाला फक्त एक मत कमी. रिपब्लिकन रदरफोर्ड हेज १६५वर. उरलेली २० मते वादात: फ्लोरिडा, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायनाने दोन-दोन प्रमाणपत्रे पाठवली होती, ऑरेगनमधल्या एका इलेक्टरवरही तंटा होता. कुठले प्रमाणपत्र खरे, हे कोण ठरवणार याबद्दल राज्यघटनेत अवाक्षर नाही. ‘टिल्डन किंवा रक्त’ अशा घोषणा झाल्या. लुइव्हिलचे संपादक हेन्री वॉटरसन यांनी एक लाख डेमोक्रॅटांनी राजधानीत यावे, असे आवाहन केले. अध्यक्ष ग्रँट यांनी वॉशिंग्टनमध्ये जादा सैन्य आणले.

तोडगा म्हणून १५ जणांचा आयोग नेमला गेला: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. हिशेब असा, की सात इकडचे, सात तिकडचे आणि पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस, जे कुणाचेच नव्हते. इथे डेमोक्रॅटांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. इलिनॉयच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाने डेव्हिस यांना सिनेटवर निवडून दिले, आणि डेव्हिस यांनी आयोगावर बसायला नकार दिला. त्यांच्या जागी आले रिपब्लिकन कलाचे जोसेफ ब्रॅडली. मग प्रत्येक वाद आठ विरुद्ध सात असा सुटला आणि वीसच्या वीस मते हेज यांना मिळाली. १८५ विरुद्ध १८४. निकाल २ मार्च १८७७च्या पहाटे लागला. ४ मार्च रविवार होता, आणि गादी रिकामी राहू नये म्हणून हेज यांनी ३ तारखेलाच व्हाइट हाउसमध्ये खासगीत शपथ घेऊन टाकली.

‘रक्तपात टळला’ असे पुस्तकांतून लिहिलेले असते. कुणाचा टळला, हे विचारायला हवे. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायना आणि लुइझियानाच्या विधानभवनांवरून संघराज्याचे सैनिक हलवले गेले, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या मताला राखणदार उरला नाही. वॉशिंग्टनमधल्या शांततेची किंमत दक्षिणेतल्या या माणसांनी पुढची ऐंशी-नव्वद वर्षे चुकवली.

त्या गोंधळावरून शहाणपण सुचायला आणखी दहा वर्षे गेली. १८८७चा इलेक्टोरल काउंट अॅक्ट आला तोही इतक्या बोजड भाषेत की वकिलांनाही घाम फुटावा. मुख्य तरतूद अशी: एक सिनेटर आणि एक प्रतिनिधी यांनी लेखी हरकत घेतली की दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे बसून त्यावर चर्चा करायची. हे शस्त्र शतकभर जवळजवळ म्यानातच राहिले. १९६१ साली उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी स्वतःचा पराभव स्वतः वाचला आणि हवाईची वादातली तीन मतेही केनेडींच्या पदरात टाकली. पुढे वॉटरगेटमध्ये बुडालेले हेच निक्सन!

२००० साली जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यात फ्लोरिडात ५३७ मतांचा फरक, अर्धवट टोचलेल्या मतपत्रिका भिंगाखाली धरून बघणारे अधिकारी, आणि मायामीत मोजणीच्या कचेरीबाहेर कोट-टाय घातलेल्या मंडळींचा इतका दंगा की तिथली फेरमोजणीच थांबली. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चारने विषय मिटवला. ६ जानेवारी २००१ रोजी हरलेले उपाध्यक्ष गोर हातोडा घेऊन बसले. त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक हरकत घ्यायला उभे राहिले, पण एकाही सिनेटरने सही दिलेली नव्हती. मॅक्सीन वॉटर्स म्हणाल्या, सिनेटरची सही नसली तरी मला पर्वा नाही. गोर म्हणाले, नियमांना पर्वा आहे. आणि हरकत फेटाळली.

मग २०२०. करोनामुळे टपाली मतांचा ढीग पडला. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये ती मतदानाच्या दिवसाआधी मोजायला घेता येत नव्हती, म्हणून आकडे दिवसेंदिवस हलत राहिले. वॉशिंग्टन-न्यूयॉर्कच्या दुकानदारांनी आधीच काचांवर प्लायवूड ठोकून घेतले होते. डेट्रॉइटमध्ये ट्रम्प समर्थकांचा जमाव मोजणी केंद्राच्या काचा बडवत ‘मोजणी थांबवा’ ओरडत होता, आणि त्याच आठवड्यात फीनिक्समध्ये त्याच बाजूचे लोक, काही जण रायफली घेऊन, ‘मते मोजा’ म्हणत उभे होते. कुठे कोण पुढे आहे त्यावर घोषणा ठरत होती. जॉर्जियातले अधिकारी गॅब्रिएल स्टर्लिंग स्वतः रिपब्लिकन. १ डिसेंबरला त्यांनी कॅमेऱ्यासमोर संतापून सांगितले की निवडणूक कर्मचाऱ्यांना येणाऱ्या धमक्या थांबल्या नाहीत तर कुणाचा तरी जीव जाईल. ट्रम्प यांच्या बाजूचे साठहून अधिक दावे न्यायालयांत गेले आणि जवळपास सगळेच फेटाळले गेले. उरले ६ जानेवारी आणि पेन्स यांच्या हातातला हातोडा. मते नाकारायचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांनी लिहून दिले. बाहेर जमावाने फाशीचा सांगाडा उभारला होता. सुमारे १४० पोलिस जखमी झाले. ज्या दीड हजारांवर माणसांवर खटले भरले गेले, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ला, सत्तेवर परतल्याच्या दिवशीच, माफी दिली.

दरम्यान २०२२च्या अखेरीस १८८७चा कायदा बदलला. उपाध्यक्षाचे काम केवळ कारकुनी, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले, आणि हरकतीला आता दोन्ही सभागृहांच्या एक-पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. तरी २०२४ काही सुखाचे गेले नाही. १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला ट्रम्प यांच्या कानाला गोळी लागली आणि सभेतला एक माणूस ठार झाला. ऑक्टोबरात ऑरेगनमधल्या पोर्टलंडला आणि नदीपलीकडच्या, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला मतपेट्यांना आगी लावल्या गेल्या. मतदानाच्या दिवशी अनेक ठिकाणी बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या. फीनिक्सच्या मोजणी केंद्राला कुंपण, दारात मेटल डिटेक्टर, वर पोलिसांचे ड्रोन.

६ जानेवारी २०२५ला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होता. कॅपिटॉलभोवती पुन्हा उंच जाळ्या होत्या. उपाध्यक्ष कमला हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवाचा आकडा, २२६ विरुद्ध ३१२, वाचला. सगळे अर्ध्या तासात आटोपले. पण हॅरिस यांनी नोव्हेंबरातच हार कबूल केली होती, हरकत घ्यायला कुणी उभेच राहिले नाही. हरलेली बाजू हार मानत नाही अशा वर्षी नवा कायदा टिकतो का, याची परीक्षा अजून व्हायची आहे.