स्लीव्ह की बायपास? निवड किलोंवर करू नये

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की पहिली चौकशी किलोंची होते. कोणत्या ऑपरेशननं जास्त उतरतं? या प्रश्नाच्या उत्तरातून निवडीला फारशी मदत होत नाही. फिनलंडमध्ये २००८ ते २०१० या काळात २४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. एका गटाची स्लीव्ह केली (जठर कापून अरुंद करणं), दुसऱ्याचा बायपास (अन्नाला बरंचसं जठर आणि सुरुवातीचं आतडं टाळून पुढे नेणं), आणि दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जास्तीच्या वजनापैकी दहा वर्षांनंतरही उतरलेलं राहिलेलं वजन स्लीव्हवाल्यांत ४३.५ टक्के भरलं, बायपासवाल्यांत ५०.७ टक्के. १६० सेंटिमीटर उंचीच्या, १०० किलो वजनाच्या बाईला हे आकडे लावून पाहू. तिचं जास्तीचं वजन साधारण ३६ किलो. त्यातलं एका ऑपरेशननं १६ किलो उतरलेलं राहील, दुसऱ्यानं १८.

दोन किलोंसाठी कोणी आतडी वळवून घेत नाही. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा बघा. दहा वर्षांनी दुर्बिणीनं तपासलं तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लामुळे सूज किंवा जखम होती. बायपासवाल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. फरक आहे तो इथे. विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या माणसासाठी आणखी दोन-तीन गोष्टी अशाच निर्णायक ठरतात: तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आहे का, गुडघेदुखीची गोळी रोज लागते का, आणि रात्री पोट दुखलं तर सीटी स्कॅन किती तासांच्या अंतरावर आहे.

आधी ऑपरेशन लागू पडतं का, ते. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. भारतीय माणसाला कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्याकडचे सर्जन प्रामुख्यानं ३७.५ हा आकडा धरतात. सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा आजार असेल तर ३२.५. शुगर कशानंच आटोक्यात येत नसेल तर २७.५ पासूनही विचार होतो. १६० सेंटिमीटर उंचीला हे अनुक्रमे ९६, ८३ आणि ७० किलो. विमा कंपनीचं गणित मात्र वेगळं आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित कलमात ४० किंवा त्याहून जास्त बीएमआय लागतो, गंभीर सहआजार असेल तर ३५. म्हणजे त्याच उंचीला १०२ किंवा ९० किलो. डॉक्टरनं लागू ठरवलेलं ऑपरेशन विम्यात बसत नाही, हे दाखल झाल्यावर कळण्यापेक्षा आधीच लेखी विचारून घ्यावं.

स्लीव्हमध्ये जठराचा डावा, फुगीर भाग कायमचा कापून बाहेर काढतात. तोंडातून साधारण १२ मिलीमीटर जाडीची नळी जठरात घालतात आणि तिच्या कडेनं स्टेपलर चालवतात. खालच्या दाराच्या, म्हणजे पायलोरसच्या, चार ते सहा सेंटिमीटर अलीकडून सुरुवात करून वरपर्यंत. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेल्या भागात भूक चाळवणारं ग्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूकही मंदावते. आतड्यांना हात लागत नाही. ऑपरेशन तुलनेनं लवकर उरकतं. भारतात स्लीव्हच जास्त होते त्याचं हे एक कारण.

दोष त्याच रचनेत आहे. खालचं दार शाबूत आणि नळी अरुंद, त्यामुळे आतला दाब वाढतो. तो दाब आम्लाला वर ढकलतो. टाक्यांच्या ओळीत गळती झालीच तर ती बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ होते, आणि दाबामुळेच ती लवकर भरून येत नाही. रात्री उशी उंच घेऊन झोपावं लागतं, पहाटे तोंडात आंबट पाणी येतं, अशा माणसानं स्लीव्हच्या आधी एंडोस्कोपी करून घेतलीच पाहिजे. अन्ननलिकेला जखमा दिसल्या किंवा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) मोठा निघाला तर बायपास बरा. सावजी रस्सा सुटला की जळजळ थांबेल, हा समज इथे कामाचा नाही. कारण मसाल्यात नसून दाबात आहे.

रू-एन-वाय बायपासमध्ये (आतापर्यंत नुसता 'बायपास' म्हटलं तो हाच) जठराचं काहीच बाहेर काढत नाहीत. वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलिटरची पिशवी वेगळी करतात, लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक तिला जोडतात, आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस आणणारी फांदी १०० ते १५० सेंटिमीटर खाली पुन्हा जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. आम्ल तयार करणारा बहुतेक भाग अन्ननलिकेपासून तुटल्यामुळे जळजळ थांबते. अन्न थेट पुढच्या आतड्यात पोचल्यानं इन्सुलिनला चालना देणारी संप्रेरकं वाढतात, आणि वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत, शुगर खाली येऊ लागते. मधुमेह जुना असेल तर बहुतेक तज्ज्ञ बायपासकडे झुकतात. मात्र दहा-पंधरा वर्षं इन्सुलिनवर असलेल्याचं स्वादुपिंड थकलेलं असतं. त्याची औषधं कमी होतील, पूर्ण सुटतीलच असं नाही.

मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो. लांब नळीसारखी पिशवी करून तिला साधारण १५० ते २०० सेंटिमीटर पुढचं आतडं जोडतात. तो लवकर होतो, वजन चांगलं उतरतं, शुगरही. पण वगळलेलं आतडं जितकं लांब, तितकी प्रथिनं, लोह आणि जीवनसत्त्वं हुकतात. पित्त वर पिशवीत येण्याचा त्रासही काहींना होतो. ज्याच्या ताटात एरवीही वरण पातळच असतं, त्याचं २०० सेंटिमीटर आतडं वगळणं धोक्याचं. इथे सर्जनला थेट विचारावं: किती सेंटिमीटर वगळणार, आणि का?

उरलेल्या पर्यायांवर फार शब्द खर्चायला नकोत. जठराभोवतीचा पट्टा आता जवळपास मागे पडला आहे. तो सरकतो, जठरात रुततो आणि सैल-घट्ट करायला वारंवार दवाखाना गाठावा लागतो. पोटातला फुगा साधारण सहा महिन्यांनी काढतात, आणि वजन बरंचसं परत येतं. ड्युओडिनल स्विच (स्लीव्ह करून शिवाय आतड्याचा बराच मोठा भाग वगळणं) सगळ्यांत जास्त वजन उतरवतो आणि कुपोषणही सगळ्यांत जास्त करतो. वर्षातून चार वेळा रक्ततपासणी जमणार नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता खर्ऱ्याची गोष्ट. बायपासच्या जोडापाशी आतड्याचं नाजूक अस्तर थेट पिशवीला जोडलेलं असतं. तिथे व्रण होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही औषधं किराणा दुकानातल्या पुडीतही सापडतात. धान रोवायला किंवा कापूस वेचायला वाकून वाकून कंबर धरली की संध्याकाळी एक घेतली जाते. बायपास झालेल्या माणसात तीच गोळी जोडावर व्रण करते, व्रणातून रक्त जातं, कधी भोक पडतं. पॅरासिटामॉल चालतं. खर्रा, नस (तपकीर) आणि विडी ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी बंद व्हावी आणि नंतरही बंदच राहावी. ती सुटणार नाही हे घरच्यांना मनातून माहीत असेल, तर ते सर्जनपासून लपवू नये. अशा रुग्णाला स्लीव्ह देणं, किंवा ऑपरेशनच पुढे ढकलणं, हा बहुतेकदा योग्य निर्णय असतो. मोहाच्या दारूबद्दलही स्पष्ट बोलावं. बायपासनंतर दारू फार झपाट्यानं रक्तात चढते आणि व्यसन जडण्याचा धोका वाढतो.

रक्ताच्या तपासण्यांत विदर्भापुरती एक भर घालावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचं (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचं) प्रमाण लक्षणीय आहे. भूल देताना शरीरातलं पाणी किंवा प्राणवायू कमी पडला तर सिकलच्या रुग्णाला क्रायसिस (रक्तवाहिन्या तुंबून तीव्र वेदनांचा झटका) येऊ शकतो, म्हणून सिकलिंगची चाचणी आधीच व्हायला हवी. आणखी एक पेच असा की सिकलमध्ये तांबड्या पेशींचं आयुष्य कमी असतं, त्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा फसवा निघतो. त्याच्यावरून 'शुगर तर बरी आहे' असं ठरवून ऑपरेशनचा प्रकार निवडू नये. रोजची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर लिहून न्यावी. आधीच हिमोग्लोबिन ८-९ वर अडकलेल्या बाईचा बायपास करायचा तर लोह जिथे मुख्यतः शोषलं जातं तो ड्युओडिनमच, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच, वगळला जातो. तिचं हिमोग्लोबिन आधी वाढवून घ्यावं.

ऑपरेशन कधी करायचं हेही निवडीचाच भाग. नंतर पहिला महिना पाणी घोटाघोटानेच पिता येतं, आणि दिवसाला दीड ते दोन लिटरचं उद्दिष्ट गाठणं जड जातं. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत हे जवळपास अशक्य. चक्कर, लघवी पिवळी, किडनीवर ताण. बायपासनंतर लघवीत ऑक्झलेट वाढल्यानं मुतखड्याचा धोका असतोच, उन्हाळा तो वाढवतो. पोटावरच्या छिद्रांना चार ते सहा आठवडे जड ओझं चालत नाही, म्हणजे पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांतही गैरसोय. कापूस-तूर घरात आल्यावरचा जानेवारी-फेब्रुवारी बरा. उन्हाळा तापेपर्यंत घोट मोठा झालेला असतो.

घरी परतल्यावर सगळ्यांत लवकर होणारी चूक शुगरच्या गोळ्यांची आहे. जेवण दोन-चार चमच्यांवर आलेलं आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत चालू. शुगर रात्रीतून ४०-५० वर येते. कोणतं औषध बंद, कोणतं निम्मं, हे सुट्टीच्या कागदावर लिहून घ्यावं. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या तर ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळीही पुन्हा विचारून घ्यावी.

जेवणाचा क्रम साधारण असा: दोन आठवडे पातळ (गाळलेलं वरण, ताक, दूध), मग दोन आठवडे मऊ घोटलेलं, मग हळूहळू नेहमीचं. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, पन्नास ग्रॅम सुक्या सोयावडीत सुमारे २५. वाटीभर पातळ वरणात मात्र जेमतेम ५ ग्रॅम. सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यांत सोयावडी परकी वाटते ही गंमतच. भाकर पहिल्या घासात घेऊ नये. आधी उसळ, पनीर, अंडं किंवा मासा, आणि जागा उरली तर भाकर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बायपासवाल्यांनी गूळ-साखरेपासून जपावं. चहा गोड झाला की घाम, धडधड, जुलाब, असं डंपिंग होतं.

गोळ्या आयुष्यभर: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट (१,२०० ते १,५०० मिलीग्रॅम कॅल्शियम, दोन-तीन भागांत), ड जीवनसत्त्व, लोह, आणि बी-१२. बी-१२ चं १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन महिन्यातून एकदा उपकेंद्रातही घेता येतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. स्लीव्हमध्ये हा भार कमी असतो, संपत नाही. मूल हवं असलेल्या बाईनं दीड वर्ष थांबावं. पाळी नियमित होऊन दिवस लवकर राहू शकतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, तांबी लावून घ्यावी.

धोक्याच्या खुणा गावातल्या डॉक्टरलाही माहीत हव्यात. पहिल्या दोन आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ: ही गळती असू शकते, पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची केस नाही. बायपासनंतर वर्ष-दोन वर्षांनी, वजन चांगलं उतरल्यावर, जेवल्यावर पिळवटणारी कळ येऊन जाते. आतड्यामागच्या फटीत आतडं अडकतं, त्याला पीळ बसतो. एक्स-रे आणि सोनोग्राफी साफ निघू शकतात. कॉन्ट्रास्ट सीटी लागतो, आणि तोही संशयास्पद असेल तर पोटाला छिद्र पाडून दुर्बीण घालून पाहावं लागतं. वेळ गेला तर आतडं सडतं. गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलला पोचायला दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास आहे, आणि आतल्या तालुक्यातून त्याच्या कितीतरी जास्त. नदी-नाल्याला पूर आला की वाट बंद होणाऱ्या गावातल्या माणसाला, जळजळ नसेल आणि शुगर सौम्य असेल तर, स्लीव्ह सुचवण्यामागे हे एक ठोस कारण आहे.

राहिली उलटी. ऑपरेशन कोणतंही असो, दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत येतं. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. अशा रुग्णाला अशक्तपणासाठी ग्लुकोजची सलाईन लावली तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते: एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, बरळणं. आधी शिरेतून थायमिन, मग ग्लुकोज, हाच क्रम. सुट्टीच्या कागदाच्या पहिल्या पानावर ही ओळ मराठीत लिहून घ्यावी. त्याखाली ऑपरेशनचा प्रकार, वगळलेल्या आतड्याची लांबी, 'नाकातून नळी अंदाजानं घालू नये' ही सूचना आणि सर्जनचा फोन नंबर. एक प्रत घरात, दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी.