किक पोकळ लागते तेव्हा

घरातली जुनी शंभर सीसी गाडी गेल्या पावसाळ्यात सकाळी सुरू व्हायला नखरे करू लागली. किक मारली की पाय सरळ खाली. मध्ये कुठे अडणं नाही, उसळी नाही. पंपावर हवा संपल्यासारखं पोकळ. गॅरेजवाल्याने हातानेच दोनदा किक दाबून पाहिली आणि निकाल दिला, "कॉम्प्रेशन डाउन. बोअर करावा लागणार." म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरची झिजलेली भिंत लेथवर कातून रुंद करायची. अर्ध्या मिनिटात अर्धं इंजिन उतरवायचं ठरलंसुद्धा!

निदानाचा पहिला भाग बरोबर होता. दुसरा निव्वळ सवयीचा.

इंजिनात पेट्रोल जळतं हे सगळ्यांना माहीत असतं. जळण्याआधी ते दाबावं लागतं, ही गंमत मागे राहते. १८६० साली लेन्वारने पॅरिसमध्ये बनवलेलं इंजिन गॅस न दाबताच पेटवायचं. चालायचं, पण इंधन प्रचंड प्यायचं. १८७६ मध्ये जर्मनीत ऑटोने आधी दाबून मग पेटवणारं चार स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टनच्या चार चालींचं, इंजिन चालवून दाखवलं, आणि आपल्या गाड्यांचा वंश तिथून सुरू झाला.

आपल्याकडे घरोघरी दिसलेली स्प्लेंडर घ्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, म्हणून ९७.२ सीसी. पिस्टन सर्वांत वर गेल्यावर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, जेमतेम १२ सीसी जागा उरते. म्हणजे १०९ सीसी मिश्रण १२ सीसीत कोंबलं जातं, साधारण नऊपट. दाबताना ते ३०० अंशांच्या आसपास तापतं, आणि असं दाट, तापलेलं मिश्रण ठिणगी पडताच झपाट्याने जळतं. त्यातलं थोडं जरी निसटलं तर पिकअप जातो, ॲव्हरेज जातं, आणि थंडीत किक मारून घाम फुटतो.

निसटायला मुख्य वाटा तीन : पिस्टनभोवतीच्या रिंगांवरून खाली, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या फटीतून बाहेर, किंवा हेडच्या पॅकिंगमधून.

रिंग ही फार हुशार वस्तू आहे. ती नुसत्या स्वतःच्या ताणावर भिंतीला चिकटून बसत नाही. वरचा वायू तिच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट. पण खाच कार्बनने भरली की रिंग अडकते आणि हा खेळ संपतो. शिवाय भिंत झिजते, तीही सगळीकडे सारखी नाही. पिस्टन वर पोचून क्षणभर थांबतो तिथे ऑइलचा थर तुटतो, उष्णताही तिथेच जास्त, म्हणून झीज सर्वांत जास्त वर. जुन्या ब्लॉकच्या (सिलिंडरच्या ठोकळ्याच्या) तोंडाशी आतून नख फिरवलं तर एक पायरी लागते, ती हीच. बोअर व्यासात ०.१ मिमी वाढला की रिंगेच्या दोन टोकांमधली फट ०.३ मिमीने वाढते, कारण परीघ व्यासाच्या ३.१४ पट. नव्या रिंगेची फट मुळात ०.१ ते ०.३ मिमी. म्हणजे केसाएवढ्या झिजेने फट दुप्पट.

आता मोजणं. इंजिन गरम करा, प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा, वायरीत अडकवलेला प्लग इंजिनला टेकवून ठेवा. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा. हे विसरलं तर हवा आतच येत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. काटा चढायचा थांबेपर्यंत पाचसात जोरदार किक. अशा इंजिनाला १० ते १२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आले तर चिंता नको. आमच्या गाडीचा काटा ६ वर रेंगाळला. (महाबळेश्वरला मोजत असाल तर दहा-पंधरा टक्के सूट द्या, तिथे हवाच विरळ.)

पुढची पायरी म्हणजे प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवती पसरून तात्पुरती सील करतं. आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरचा; जैसे थे राहिला तर वर, व्हॉल्व्ह किंवा पॅकिंगमध्ये. इथे एक खोड आहे. सगळे सांगतात, "चमचाभर टाका." हा सल्ला मोटारींच्या मोठ्या सिलिंडरसाठी ठीक आहे. आपल्या १२ सीसीच्या जागेत ५ सीसीचा चमचा ओतला की उरतात ७, आणि नऊपटीचं प्रमाण एकदम चौदापटीच्या वर जातं. काटा चढणारच, रिंगा ठणठणीत असल्या तरी! किती निरोगी ब्लॉक या चमच्यापायी लेथवर चढले असतील कोण जाणे. मी इंजेक्शनच्या सिरिंजने दीड सीसी सोडलं. काटा ६ वरून साडेसहावर गेला आणि थांबला. तेवढी चढण तर ऑइलने अडवलेल्या जागेचीच.

म्हणजे बोअर निर्दोष. मग पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. जुन्या प्लगचं पोट रिकामं करून त्यात ट्यूबची नळी बसवलेली, ती हेडमध्ये आवळली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, गाडी टॉप गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबून हवा सोडली, फक्त ३ किलो. पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास २० चौरस सेंटिमीटर; म्हणजे तेवढ्यावरही त्याच्या डोक्यावर साठ किलोचा माणूस उभा राहतो, ब्रेक सुटला की चाक फिरलंच. मग नुसतं ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, हेडच्या सांध्याला लावलेला साबणाचा फेस फुगला तर पॅकिंग. आमच्याकडे सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर वारा लागत होता.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणारा भाग, आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट तपासली तर फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) सर्वांत पातळ पातंही आत जाईना. हे कसं होतं? वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये रुतत जातो, फट कमी कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मुख्यतः सीटला टेकूनच गार होतो; टेकला नाही तर जळतो. आणि या सगळ्या काळात इंजिन अगदी गोड, बिनआवाजी चालतं, कारण खडखडायला फटच उरलेली नसते.

हेड उतरवल्यावर व्हॉल्व्हच्या कडेवर काळे खड्डे दिसले, पण उथळ. दांड्याच्या रबरी टोकाला व्हॉल्व्ह चिकटवून, ग्राइंडिंग पेस्ट लावून, दोन तळव्यांत ताकाच्या रवीसारखा फिरवत बसलो. आधी जाड पेस्ट, मग बारीक. तासाभराने सगळीकडून सारख्या रुंदीचं राखाडी कडं उमटलं. पोर्टमध्ये रॉकेल ओतलं, दहा मिनिटांत एक थेंब झिरपला नाही. नवं पॅकिंग, टॅपेटची फट कंपनीच्या मापाला, गेजवर साडेअकरा.

बोअर खरंच गेला असता तर ब्लॉक लेथवाल्याकडे, पाव मिमी ओव्हरसाइज पिस्टन (५०.२५ मिमीने गाडी जेमतेम एक सीसीने वाढते), रिंगांच्या फटी तीन दिशांना, आणि रिंगा भिंतीशी जमेपर्यंत काही शे किलोमीटर सबुरी.

आता किक मध्येच अडते, पायाला उसळी देते. टॅपेट मात्र हलकी टिकटिक करतात. परवा सोसायटीच्या गेटवर शेजारच्या काकांनी थांबवलं. "गाडी चांगली झाली रे, पण आवाज येतोय बघ. टॅपेट जरा आवळून घे."